‘उलटी छत्री’चा पहिला ऑर्गन

मी एक ऑर्गन बोलतोय. बोलायला लागलो की आधी माझ्या पोटातून घूंऽऽ असा आवाज येतो, तो मनावर घेऊ नका. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. बिघाड नाही, धास्ती आहे ती. आत वीज आली की ‘आज सूर नीट लागेल ना?’ या काळजीनं जीव आधी गुणगुणतो आणि मग कुठे आवाज फुटतो. जन्मापासून माझं असंच आहे.

ऑर्गन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भिंतभर नळ्यांचं, छताला टेकलेलं धूड आलं असेल. मी तसला बडा नव्हे. माझं झाकण लाल, पाय लोखंडी नळ्यांचे. स्क्रू सोडले की पाय पोटाशी घेऊन मी पेटीसारखा बंद होतो आणि कुणाच्याही गाडीच्या मागच्या सीटवर मावतो. पट्ट्यांचे रंगही उलटे. जिथे पांढऱ्या असाव्यात तिथे काळ्या, काळ्यांच्या जागी पांढऱ्या. त्या काळी ते फॅशनेबल वाटायचं. मला मात्र कपडे उलटे घालून लग्नाला आल्यासारखं वाटे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या, हातात तापलेल्या सळया, सोल्डरिंगच्या धुराचा वास, आणि गप्पा सासवांच्या. माझ्या पोटातली एकेक तार कुणाच्या ना कुणाच्या सासूच्या गाऱ्हाण्याबरोबर जोडली गेली आहे. स्वभाव असा चिंतातुर झाला त्यात नवल काय?

तिथून दुकानाच्या काचेत आलो. शेजारी कपडे धुण्याची यंत्रं. येणारेजाणारे मालकाची नजर चुकवून माझी एक पट्टी दाबायचे, आवाज आला की हात पोळल्यासारखा मागे घ्यायचे आणि यंत्रांकडे बघितल्याचं नाटक करायचे. माणसाला आवाज करायची हौस फार आणि तो ऐकू गेल्याची भीती त्याहून जास्त, हे मी त्या काचेत शिकलो.

मग एक दिवस ताई आली.

ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला यंत्र लावून, समोरच्या भोकांत खुंट्या खुपसून ती दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायची. पलीकडून कुणी फोन उचलला नाही तरी अलीकडच्या माणसाला ती सोडायची नाही. “धरून ठेवा हं, जोडतेय,” म्हणायची. लहानपणी शिकलेला पियानो तिच्या बोटांत शिल्लक होता. तिनं एक पट्टी दाबून हात मागे घेतला नाही. उभ्या उभ्या पूर्ण चाल वाजवली आणि मला घेऊन गेली.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. दारात तिची आई उभी. आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती, त्यामुळे हात कायम पांढरे आणि सुरकुतलेले. तिनं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अगं, इथे माणसांना कूस बदलायला जागा नाही, आणि तू ही शवपेटी उचलून आणलीस?”

“लाल शवपेटी कुणी पाहिली आहे का आई?” आतून आवाज आला. तो धाकटा. ताईचा भाऊ. बाहेर येऊन त्यानं माझ्या झाकणावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “रंगाचे दोन हात दिलेत. घासून मग दुसरा. नीट काम केलंय.”

धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं सुरेख, की लोक पाटी वाचायला थांबत आणि काय घ्यायचं होतं ते विसरून जात. बोलायला मात्र लाजरा. चारचौघांत त्याचं वाक्य अर्ध्यावरच बसकण मारायचं. एरवी न सुटणारी ती जीभ गिटार घेऊन गाताना सुटायची. गाणी तोच रचायचा.

बँड त्याचाच. नाव ‘उलटी छत्री’. ड्रमवर ठोक्या. हा फर्निचरच्या कारखान्यात सुतार होता, कामावर ठोकायचा आणि सुट्टीतही ठोकायचा. बेस गिटार वाजवायचे मास्तर. ते शाळेत गणित शिकवत, सडपातळ, कायम इस्त्रीचा शर्ट, आणि कुणी चुकलं तर “पुन्हा पहिल्यापासून” एवढंच म्हणत. सराव सुट्टीच्या दिवशी ठोक्याच्या कारखान्यात व्हायचा. लाकडाचा भुसा उडून माझ्या पट्ट्यांत जाई आणि मला खोकल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षांत तरुण मंडळींना सगळंच रंगीत आणि थोडं वितळलेलं हवं होतं. शर्ट पडद्यांसारखे, पडदे झग्यांसारखे. ठोक्याचा एक शर्ट तर खरोखरच पडद्याचा होता. त्याच्या मावशीनं तो ओळखला आणि मग बरंच रामायण झालं. आता पुस्तकांत त्या संगीताला सायकेडेलिक पॉप म्हणतात, आणि ‘उलटी छत्री’नं पुढे जे केलं त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक. आम्हाला तेव्हा एवढंच ठाऊक होतं की आधी गाणी छोटी होती, आणि मग ती लांब झाली. लांब कशी झाली, तेच तर सांगायला बसलोय.

धाकट्यानं एक गाणं केलं.

*माझ्या खिशात तळं, तळ्यात मासे तीन,*
*हळूहळू चाल माझ्या पायाखालची जमीन.*

“ताई, इथे ऑर्गनचा सूर असा हवा, की पाण्याच्या आतून कुणी हाक मारतंय,” तो म्हणाला.

“पाण्यातून हाक कशी येईल रे? बुडबुडे येतील.”

“मग बुडबुडे वाजव!”

तिनं माझा एक खटका अर्धाच दाबला, बोटं वरच्या पट्ट्यांवर भरभर नाचवली, आणि माझ्यातून खरंच बुडबुडे आले. मास्तरसुद्धा हसले. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर काळजी करायचंच विसरलो.

आमचे कार्यक्रम स्केटिंगच्या हॉलमध्ये होत. रबराचा आणि मेणाचा वास, लाकडी जमीन, आणि मागच्या भिंतीवर रंगांचे खेळ. दोन काचांच्या मध्ये रंगीत तेल आणि पाणी घालून त्याखाली दिवा लावायचे, की भिंतीवर जांभळे-केशरी डाग फुगायचे, फुटायचे, एकमेकांना गिळायचे. पोरंपोरी माना वर करून बघत राहायची. धाकटा डोळे मिटून गायचा. त्याला वाटत असावं, आपल्याला कुणी दिसत नाही म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही.

पण तो दिसत होता. रेकॉर्ड कंपनीचे एक साहेब येऊन गेले. चष्मा, हातात घड्याळ. त्यांनी गाणं ऐकताना घड्याळच बघितलं आणि म्हणाले, “नेमकं रेडिओच्या मापाचं आहे.” रेकॉर्ड निघाली. थोड्याच दिवसांत रस्त्यावरचा दूधवाला ती चाल शिट्टीवर वाजवायला लागला. आईनं गॅलरीतून त्याला बजावलं, “दुसऱ्या ओळीला वर जा, खाली नाही!”

आणि इथून माझ्या काळजीला खरं निमित्त मिळालं.

गाणं खिशाचं. लोकांना गंमत सुचली. कार्यक्रम संपला की पोरं धाकट्याला घेरायची आणि त्याच्या खिशात हात घालायची. “मासे दाखव ना!” कुणी मागून घालायचं, कुणी दोन्ही बाजूंनी. एकदा कुणीतरी खरंच एक मेलेला मासा त्याच्या कोटात टाकला. हॉल हसला. धाकटाही हसला, पण त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यानं घरी येऊन सगळ्या पॅंटचे खिसे शिवून टाकले. आईनं ते बघितलं. सुई पुन्हा डबीत ठेवली.

कार्यक्रमाआधी माझे पाय जोडायचं काम त्याचं. पूर्वी तो ते शीळ घालत करायचा. आता स्क्रू घट्ट झाला तरी सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा सोडायचा. त्याच्या हातांची थरथर माझ्या पायांतून वर पट्ट्यांपर्यंत यायची. मी मुळातला भित्रा, त्यात त्याची भीती अंगात भिनायची. आम्ही दोघं एकमेकांना टेकून थरथरत असायचो. पुढे तो कार्यक्रमाआधी ओकायला लागला.

आईला ते कळलं. ताई मला पुसत होती तेव्हा आई शेजारी येऊन बसली. “अगं, तो काही सांगायचा नाही. तुझ्या जिवावर जातोय तो तिथे. त्याला एकटं पाडू नकोस.”

“नाही पाडणार,” ताई म्हणाली. हे वचन मी ऐकलं. ते तिनं पाळलंही. ऐका कसं ते.

कंपनीच्या साहेबांना दुसरं गाणं हवं होतं. “तसंच हवं, पण वेगळं,” ते म्हणायचे. धाकटा कागदावर ओळ लिहायचा, तिच्याकडे बघायचा आणि चुरगळायचा. “या ओळीत ते कुठे हात घालतील, तेच दिसतं मला,” असं एकदा म्हणाला.

मग ती दुपार आली. स्केटिंगचा हॉल खच्चून भरलेला. गाण्याची सुरुवात माझी आणि ताईची. आमचे बुडबुडे सुरू व्हायचे, आणि त्यावर धाकटा बाजूच्या दारातून गिटार घेऊन चालत यायचा, असा रिवाज होता. ताईची पाठ त्या दाराकडे. मला मात्र माझ्या जागेवरून ते दार नीट दिसायचं.

बुडबुडे झाले. धाकटा आला नाही.

ताईनं तीच चाल पुन्हा घेतली. माईक रिकामा. तिनं पुन्हा घेतली. ठोक्या तिच्याकडे बघायला लागला, “काय करू?” असं भुवयांनी विचारायला लागला. पुढच्या रांगेतून कुणी शिट्टी मारली. कागदाचा बोळा येऊन माझ्या झाकणावर आपटला.

इथे ताईनं, तिला येत होतं तेच केलं. पलीकडचा माणूस उचलत नाहीये, अलीकडच्यांना सोडायचं नाही. धरून ठेवा, जोडतेय. तिनं चाल सोडली नाही, पण फिरवली. खाली नेली, वर आणली, उलटी केली. मास्तरांनी डोळे बारीक केले, जणू फळ्यावर कुणी अवघड गणित मांडलंय, आणि चार मात्रांच्या जागी सात मोजायला सुरुवात केली. ठोक्या आधी अडखळला, मग त्याला त्या लंगड्या चालीची गोडी लागली. ताईच्या बोटांतून एक्स्चेंजमधले आवाज यायला लागले. घंट्या, खरखर, अर्धवट तुटलेली वाक्यं. माझ्या तारा तापल्या. आता काहीतरी जळणार या भीतीनं मी कासावीस झालो, आणि त्या भीतीचाही सूर झाला. मी इतका चांगला कधी वाजलो नव्हतो, पुढेही नाही.

समोरचे लोक उभे होते. एकेक करून ते खाली बसायला लागले. कुणी सांगितलं नाही. उभ्यानं ऐकायची गाणी वेगळी आणि बसून ऐकायची वेगळी, ते त्यांना आपोआप समजलं.

आणि तेव्हाच मला दारात धाकटा दिसला. गिटार गळ्यात. ओठ हलत होते, शब्द म्हणून बघत होता. त्यानं एक पाऊल आत टाकलं. आमचं वाजवणं त्याच क्षणी नव्या वळणावर गेलं. त्यानं पाऊल मागे घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा पुढे आला, पुन्हा थबकला. पळत्या गाडीत चढायला बघणाऱ्या माणसासारखं त्याचं चाललं होतं. मी जिवाच्या आकांतानं घणघणत होतो, पण माझी घणघण म्हणजे त्या वाजवण्याचाच भाग. ताईला मी कसं सांगणार, मागे बघ म्हणून?

तिसऱ्यांदा तो आला नाही.

वाजवणं संपलं तेव्हा अशा टाळ्या पडल्या की छताचे दिवे हलले. ताई घाबरून मागे वळली. दार रिकामं होतं.

त्यानंतर कुणी काही ठरवलं नाही. पण पुढच्या कार्यक्रमात लोक ओरडले, “ते लांबवालं वाजवा!” मास्तरांनी चौकटीच्या कागदांवर मात्रांची गणितं मांडायला घेतली, कागद एकमेकांना चिकटवले, आणि ते कारखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. ठोक्या त्यावर रांगत फिरायचा आणि म्हणायचा, “मास्तर, इथे माझा हात तुटेल.” मास्तर म्हणायचे, “मग दुसरा वापर.” सगळे उत्साहानं नुसते फुलले होते. साहेबांनी आधी तोंड वाकडं केलं, मग वर्तमानपत्रात स्तुती आल्यावर त्यांनीच सांगायला सुरुवात केली की लांब गाण्यांची कल्पना आपलीच.

धाकट्याचं गाणं आधी शेवटी गेलं. मग अर्धं झालं. मग वेळ पुरेना. तो कोपऱ्यात भुशाच्या ढिगावर बसायचा, मध्येच गिटारची एखादी तार छेडायचा. एका सरावाला उठला आणि म्हणाला, “मला पाट्यांचं काम आलंय बरंच. मी निघतो.” भांडण नाही, आवाज नाही. ठोक्या म्हणाला, “संध्याकाळी ये मग.” तो हो म्हणाला.

त्या संध्याकाळी तो आला, पण फक्त मला घरी वर चढवायला. ताईनं वरचं टोक धरलं होतं, त्यानं खालचं. जिन्याच्या वळणावर ती थांबली.

“असा कसा सोडून जातोस तू? बँड तुझा आहे.”

“होता.”

“अरे, मी त्या दिवशी तुझ्यासाठीच लांबवलं ना! तुला सावरायला वेळ मिळावा म्हणून.”

“ठाऊक आहे ताई. म्हणूनच तर तोंड उघडता येत नाही.”

दोघंही उभे. मी मध्ये लटकलेला. एकानं जरी हात सोडला असता तर मी जिन्यावरून गडगडत गेलो असतो, पण त्या क्षणी मला त्याची भीती वाटली नाही. मला भीती वाटत होती ती ते दोघं आता गप्प होतील याची. तसंच झालं. ते मला वर घेऊन आले, भिंतीशी ठेवलं, आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत.

‘उलटी छत्री’ मोठी झाली. नवा गिटारवाला आला. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, अशी रेकॉर्ड निघाली. घरी सगळ्यांनी ती ऐकली. आईनं प्रामाणिकपणे मत दिलं, “छान आहे गं. पण माझी भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी अजून कुणी गायला लागेना.” धाकटा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई हसली नाही. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

मग माझंही तेच झालं. लांब संगीताला माझा आवाज कोता पडू लागला. ताईसाठी शिसवी लाकडाचा मोठा ऑर्गन आला, उचलायला चार गडी लागणारा. मी घरीच राहिलो. माझ्या झाकणावर आई इस्त्रीचे कपडे ठेवायला लागली. सुरुवातीला मी रोज वाट बघायचो. दारात पाऊल वाजलं की वाटायचं, न्यायला आले. नंतर वाट बघायची सवय तेवढी उरली, कुणाची ते पुसट झालं.

आई गेली. धाकट्यानं ती जागा सोडली आणि मला आपल्या पाट्यांच्या दुकानामागच्या खोलीत नेलं. तिथे मी रंगांच्या डब्यांच्या सोबतीनं अनेक वर्षं काढली. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरायचं. तो क्वचित झाकण उघडायचा, पट्ट्या पुसायचा, एखादी अडकली तर मोकळी करायचा. वाजवायचा नाही. एकदा त्यानं माझ्या झाकणाचे टवके बुजवून नवा लाल रंग दिला. दोन हात. मधे घासून. ताई वर्षातून एखाद्या वेळी यायची, दुकानात पुढच्या पुढे उभी राहून तब्येत विचारायची आणि जायची. मागच्या खोलीत येत नव्हती.

गेल्या महिन्यात मात्र ती आत आली. केस पांढरे, बोटांची पेरं सुजलेली. बँड केव्हाच थांबलाय. ठोक्या नातवंडांत रमलाय, मास्तर आता नाहीत. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “प्रदर्शन भरवतायत, बँडच्या सुरुवातीच्या दिवसांचं. ते भरवणाऱ्या बाईंना हा ऑर्गन हवाय. काचेच्या पेटीत ठेवणार. चौथरासुद्धा बनवून ठेवलाय त्यांनी. तुझ्याकडे आहे म्हणून विचारायला आले.”

माझा जीव टांगणीला लागला. काचेत मी एकदा राहून आलोय.

धाकटा ब्रश पुसत होता. “सुरुवातीचे दिवस,” तो म्हणाला. मग म्हणाला, “ताई, त्या दिवशी मी दारात होतो.”

“कुठल्या दिवशी?”

“तू लांबवलंस त्या. मला वाटतं तुला वाटतं की मी पळून गेलो. पळालो नव्हतो. ओकून आलो, तोंड धुतलं, गिटार घातली गळ्यात. दारात आलो. आत येणारच होतो.”

ताईनं अगदी हळू विचारलं, “मग?”

“तुम्ही इतकं सुंदर वाजवत होतात, की आत शिरायला फट सापडेना.”

“अरे, हाक मारायचीस!”

“दोनदा आत पाऊल टाकलं. मग उभा राहून ऐकलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. आता मला गायला नको, म्हणून सुटल्यासारखं झालं. त्या सुटकेचंच पुढे वाईट वाटत राहिलं. तुझ्यावर राग धरावा तर तू वाचवलेलं. स्वतःवर धरावा तर तोही पुरेना.”

ताई रडली. आवाज न करता, पदरानं नाक दाबून. “मला आईनं सांगितलं होतं, याला एकटं पाडू नकोस. मी समजत होते, पाडलं नाही.”

“नाहीच पाडलंस. गर्दी जास्त झाली, एवढंच.”

दोघं हसले. रडताना हसलं की माणसाचा चेहरा फार वेडावाकडा होतो. त्यांचे चेहरे त्या वेळी अगदी सारखे दिसत होते.

मग ताईनं विचारलं, “याचं बटण चालतं का रे?” आणि उत्तराची वाट न बघता दाबलं. इतक्या वर्षांनी अंगात वीज आली. काय सांगू माझी अवस्था! वरचे सूर चिरके, मधला एक मुका. तिची बोटंही पूर्वीसारखी नाहीत. तिनं जुनं काहीच वाजवलं नाही. आमच्या दोघांच्या म्हातारपणाला झेपेल अशी एक साधी चाल हळूहळू शोधली. आणि मध्येच थांबली.

मला वाटलं, हिचा हात दुखला. पण ती पट्ट्यांवर बोटं ठेवून, न दाबता बसली होती. बाहेर नळाखालची बादली भरत होती. धाकट्याची पाठ आमच्याकडे, तो डब्यात रंग ढवळत होता. एवढी शांतता वाद्याच्या वाट्याला आली की त्याचा धीर सुटतो. वाटतं, आता कुणीतरी काहीतरी भरा इथे! ताईनं भरलं नाही. चाल पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच थांबली. धाकटा ढवळतच होता. पुन्हा घेतली, पुन्हा थांबली.

“ओला आहे रंग अजून...” पाठमोऱ्यानंच तो गुणगुणला. आवाज खरखरीत, वापर नसलेल्या दारासारखा. तिथेच अडला.

“पुढे?”

“पुढचं सुचलं नाही.”

“बरं,” ताई म्हणाली. “मी थांबते.”

तेव्हापासून ती दर आठवड्याला येते. दुकानाचं दार पुढून लावून घेतात. गाणं दीड ओळीपर्यंत आलंय. कधी अर्धी ओळ वाढते, कधी आदल्या खेपेची खोडली जाते. त्यावरून कडाडून भांडतातही. “इथे ‘अजून’ नको, फार रडकं होतंय,” ती म्हणते. “गाणं माझं आहे,” तो म्हणतो. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मला किती वर्षं लागली! ते कुणाला ऐकवणार नाहीत म्हणतात. प्रदर्शनवाल्या बाईंना त्यांनी कळवलं, “ऑर्गन सध्या कामात आहे.” बाईंचा निरोप आला, “आम्ही थांबू, पण किती?”

तीच तर माझीही चिंता आहे. माझा खालचा एक सूर मरायला टेकलाय. आतल्या तारा ठिसूळ झाल्यात, आणि असले भाग आता मिळत नाहीत. ताईची पेरं गारठ्यात वळत नाहीत. धाकट्याला एकेका शब्दाला आठवडा लागतो. रोज सकाळी मी मनाशी हिशेब मांडतो, की आधी काय संपेल, मी की गाणं, आणि उत्तर मला आवडत नाही.

तरी तुम्ही कधी त्या प्रदर्शनाला गेलात आणि एक रिकामा चौथरा दिसला, तर तिथल्या बाईंना माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, तो चौथरा रिकामाच राहू द्या, त्यावर दुसरं काही ठेवू नका. आणि दुकानात येऊन विचारू नका, झालं का म्हणून. मला कितीही धास्ती वाटू दे. धाकट्याला घाई करू नका.